नाणं घरीच ठेव, पत्र पाठव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

नहपान या शक क्षत्रप राजाच्या नाण्याचा फोटो पोहोचला. सोबत एकच ओळ: ‘थोडं खराब आहे, किती येतील?’ अशा पत्राला अभ्यासक उत्तर देत नाहीत, आणि देऊही नये. भाव विचारायला बाजार आहे.

तुझं नाणं नीट बघ. राजाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर उमटलाय, त्याखाली नागमोडी रेघ. यालाच तू खराब म्हणतोस? अरे, तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप! नहपानाच्या क्षहरात घराण्याला हरवल्यावर त्याने त्यांचीच चांदी आपल्या नावावर चालवली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला अशा नाण्यांचा साठा सापडला. एकूण १३ हजारांवर नाणी, त्यांतली ९ हजारांहून जास्त पुन्हा छापलेली. तेव्हा दुर्मीळ म्हणून मिरवू नकोस. पण छापाखाली नहपानाची ग्रीक अक्षरं किती शिल्लक आहेत, हे कळवलंस तर वाचणारा खुर्ची पुढे ओढेल. दिसतं तसंच रेखाटून पाठव. अर्धं अक्षर अंदाजाने पुरं करायचं नाही.

वजन ग्रॅममध्ये, दोन दशांशांपर्यंत. व्यास. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो आणि एक कडेचा, कारण साच्यात ओतलेल्या नकली नाण्याचा सांधा बहुधा कडेवरच पकडला जातो. चिंच लावून घासलंस तर मात्र मला तोंड दाखवू नकोस.

इंग्रजीची धास्ती सोड. जुनी नाणी-शिलालेख वाचणारे भगवानलाल इंद्रजी गुजरातीत लिहायचे. त्यांनी जमवलेले नेपाळचे शिलालेख जर्मन पंडित ब्यूलरने इंग्रजीत आणले. क्षत्रपांच्या नाण्यांवरचा त्यांचा लेख तर ते गेल्यावर, १८९० मध्ये, इंग्रज नाणेतज्ज्ञ रॅप्सनने संपादून छापला.

लंडनच्या अभ्यासकांना खुशाल लिही, पण नाणं टपालात टाकू नकोस. १९७२च्या कायद्याने खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. फोटो आणि ठसा पुरे. त्याआधी अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेला लिही, ती तर नाशिकच्या उंबऱ्यावर आहे.

आणि नाणं आलं कुठून, हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. तू ते गाळलंयस, माझ्या लक्षात आलं. शेतात सापडलं असेल तर १८७८चा निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा लागतो. मग आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळव, मला नंतर.

वजन करून लगेच कळव. सराफाचा काटा चालेल, किराणा दुकानातला नको.