फॉन्ट, टंक आणि लाजाहोम

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय: मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी जुन्या धाटणीचं, वेलबुट्टीचं अक्षर निवडलं. छापणारा त्याला ‘व्हिंटेज कॅलिग्राफी फॉन्ट’ म्हणतो. मराठीत ‘टंक’ म्हणावं का?

आधी ती ‘कॅलिग्राफी’ काढून टाका. ऐकून ऐकून कान किटलेत. कॅलिग्राफी हाताची असते. पत्रिकेतली ‘सहकुटुंब सहपरिवार’ ही ओळ बघा. दोन्ही ‘स’ची शेपटी एकाच जागी, एकाच मापात वळलेली दिसेल. हातानं लिहिलेले दोन ‘स’ असे जुळे निघत नाहीत. सिनेमावाल्या बाबूराव मेस्त्रींना जग ‘पेंटर’ म्हणून ओळखतं. त्यांच्या गावात तरी रंगवलेलं अक्षर आणि छापाचं अक्षर यांत घोळ नको.

आता फॉन्ट. याचा अर्थ ‘अक्षरांचा झरा’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. झऱ्याचा लॅटिन शब्द ‘फॉन्स’, त्याचा इथे काडीचा संबंध नाही. आपला फॉन्ट फ्रेंच ‘फाँत’वरून आला, म्हणजे ओतीव काम. शिसं, अँटिमनी आणि कथील वितळवून साच्यात ओतायचं, निवलं की खिळा, म्हणजे छापायचं सुटं अक्षर, तयार. चीजचं ‘फॉन्ड्यू’ही त्याच घरातलं, वितळलेलं.

खरी मजा पुढे आहे. या फ्रेंच शब्दामागे लॅटिन ‘फुंडेरे’, म्हणजे ओतणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ ज्या आदिम धातूत (शिशाचा नव्हे, क्रियापदाचा धातू) दाखवतात, त्याच धातूतून संस्कृतात ‘हु’ आला. जुहोति (आहुती देतो), आहुती, होम, होता (आहुती देणारा ऋत्विज) ही सगळी त्याची लेकरं. अग्नीत तूप ओतणं आणि साच्यात शिसं ओतणं, मुळात एकच क्रिया! म्हणजे ताई, पत्रिकेवरचा फॉन्ट आणि मांडवातला लाजाहोम लांबचे का होईना, भाऊबंद निघाले. होमात लाह्या पडतात ही गोष्ट वेगळी, धातू तोच.

म्हणूनच ‘टंक’ मला पटत नाही. टंक म्हणजे छिन्नी, ठसा मारलेलं नाणं, टांकसाळ त्यावरूनच. नाणं ठोकतात, खिळा ओततात. टंकवाले म्हणतील, पोलादी ठसा आधी तांब्यात ठोकावाच लागतो. लागतो, पण त्यातून साचा होतो. कागदावर उठतं ते ओतलेलं अक्षर. हुपरीच्या चांदी कारागिराला ओतीव आणि ठशाचं यातला फरक विचारा, तो परिभाषा समितीपेक्षा लवकर सांगेल.

मग म्हणायचं काय? छापखान्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘टाइप’ चालला. ‘नक्षीचा टाइप’ म्हणा, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यालाही कळलं असतं. फक्त तो वधूवरांच्या नावांपुरताच ठेवा. असले टाइप मोठ्या मापासाठीच काढलेले असतात. अकरा पॉइंटात त्यांच्या बारीक रेघा उडतात, वेलांटीचा फाटा शिरोरेषेत घुसतो, आणि मुहूर्ताची वेळ १२:०७ आहे की १२:०१ हे विचारायला पाहुण्यांचे फोन येतात.

‘व्हिंटेज’ राहिलाच. तो मुळात द्राक्षतोडणीचा शब्द. त्यावर पहिला हक्क तासगावकरांचा.