वाचकांचे प्रश्न : रीफ टँकचे फोटो निळेच का येतात?

या वेळी बरीचशी पत्रे रीफ टँकच्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे पाळलेल्या घरच्या समुद्री टँकच्या फोटोंबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. डोळ्यांना दिसते तसे फोटोत यावे, एवढीच बहुतेकांची अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागतोच असे नाही. काच, पाणी आणि लाइट यांची तयारी मात्र आधी करावी लागते. फोटो काढून झाल्यावर अ‍ॅपमध्ये ती भरून काढता येत नाही.

माझ्याकडे झोआंथिड आणि मशरूम हे मऊ कोरल आहेत. समोर उभे राहिले की हिरवा, नारिंगी, गुलाबी असे रंग स्वच्छ दिसतात, पण मोबाइलने फोटो काढला की सगळे निळेजांभळे. मोबाइल बदलावा का?
— एक वाचक, डोंबिवली

मोबाइल बदलू नका, फोटोपुरता लाइट बदला.

रीफचे एलईडी लाइट मुख्यतः ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देतात. आपला डोळा आणि मेंदू त्याला सरावतात, कॅमेरा सरावत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साधारण निम्मे बिंदू हिरवा प्रकाश टिपतात, पाव लाल आणि पाव निळा. निव्वळ निळ्या प्रकाशात पाव बिंदू तुडुंब भरतात आणि बाकीचे जवळपास रिकामे राहतात. म्हणून निळ्या भागातला तपशील जळतो आणि उरलेल्या भागात दाणे दिसतात. त्यात बहुतेक कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून केलेली रंगांची जुळवणी) १०,००० केल्विनच्या आसपास संपतो आणि रीफचा निळा लाइट त्याच्या बराच पलीकडे असतो.

लाइटच्या अ‍ॅपमध्ये फोटोसाठी वेगळी सेटिंग करून ठेवा. निळा चॅनेल उतरवा, पांढरा थोडा चढवा आणि दोन्ही साधारण बरोबरीला आणा. पांढरा एकदम पूर्ण चढवू नका. कोरलला सवय आहे त्यापेक्षा एकूण उजेड वाढता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांच्या या बदलाने कोरलचे काही बिघडत नाही. मग पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा धुतलेला तुकडा कोरलशेजारी ठेवा, त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि तुकडा काढून फोटो काढा. मोबाइलमध्ये ही सोय नसेल तर प्रो मोडमध्ये केल्विन चढवत न्या आणि तुकडा पांढरा दिसू लागला की थांबा. फोटो रॉमध्ये (सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) घ्या आणि एक्स्पोजर ०.७ ते १ ने कमी ठेवा. थोडा काळोखा फोटो नंतर उजळता येतो, जळलेला निळा परत मिळत नाही.

निळ्या लाइटखालची चमक हवी असेल तर लेन्सपुढे पिवळा किंवा नारिंगी फिल्टर धरावा लागतो. कोरलमधली प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा, नारिंगी किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. फिल्टर परतून येणारा निळा अडवतो आणि ही चमक आत सोडतो. मोबाइलवर लावायचे असे क्लिप-फिल्टर मिळतात. नाटकाच्या लाइटवर लावतात त्या नारिंगी जिलेटिन पेपरचा सपाट तुकडाही चालतो. पुष्पगुच्छाभोवतीचा कागद घेऊ नका, त्याच्या सुरकुत्यांनी फोटो मऊ होतो.

फोटोत आडवे काळे पट्टे येतात, डोळ्यांना मात्र दिसत नाहीत. लाइट खराब आहे का?
— नाशिक

लाइट ठीक आहे. मंद करताना बरेच एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. मोबाइल फोटो एकदम न घेता ओळीओळीने वाचतो, त्यामुळे बंद क्षणाच्या ओळी काळ्या येतात. शटर १/५० किंवा त्याहून मंद ठेवा, पट्टे विरतात. मोबाइल कशाला तरी टेकवा, नाहीतर पट्टे जाऊन फोटो हलेल. मंद शटरमध्ये मासे मिळणार नाहीत, पण कोरलला हे पुरते.

९० मिमी मॅक्रो लेन्स घेतली आहे. कोरल बरे येतात. मासे मात्र एकतर हललेले असतात किंवा शेपटी फोकसमध्ये आणि डोळा धूसर. क्लाउनफिश, रॉयल ग्रामा, सिक्सलाइन रॅस आणि मँडरिन आहेत.
— एक वाचक, ठाणे

माशाच्या फोटोत डोळा धारदार आला तर बाकीचे खपून जाते. त्यामुळे सगळा खटाटोप डोळ्यासाठी करायचा.

फोकस कंटिन्युअसवर ठेवा आणि एकच फोकस-बिंदू निवडा. शटर किमान १/२५०, रॅससाठी १/५००. छिद्र एफ ५.६ ते ८. आयएसओ १६०० किंवा ३२०० गेला तरी घाबरू नका, दाणे कमी करता येतात पण हललेला मासा स्थिर करता येत नाही. मॅक्रो लेन्स घेतली म्हणून फार जवळ जाऊ नका. एकास एक आकारात (सेन्सरवर मासा प्रत्यक्षाएवढाच पडतो तेव्हा) एफ ८ ला फोकसची खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. तोच मासा पाव आकारात घेतला तर ती सेंटिमीटरभर होते आणि डोळ्याबरोबर गालही फोकसमध्ये येतो. नंतर फोटो कापून घ्या.

माशाचा पाठलाग करायचा नाही. प्रत्येक माशाच्या फिरण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. ग्रामा आपल्या कपारीच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा येतो. क्लाउनफिश सतत वळवळतो, पण अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याजवळ परतताना क्षणभर आडवा होतो. अशी एक जागा हेरा, तिथल्या खडकावर आधी फोकस घ्या आणि मासा तिथे येण्याची वाट पाहा. समोर बसल्यावर पहिली दहा मिनिटे मासे खाण्याच्या आशेने काचेला नाक लावतात, तेव्हा नुसते बसून राहा. खाणे टाकून मासे पुढे आणण्याचा मोह टाळा. सगळे तोंड पुढे करून येतात आणि पाणीही गढूळ होते.

मँडरिनपासून सुरुवात करा. तो खडकावर थांबत थांबत टिपत जातो, त्यामुळे हात बसतो. रॅस शेवटी ठेवा. तो एका कपारीतून दुसरीत जाताना मध्ये एक उघडी जागा ओलांडतो, तिथेच लेन्स रोखून सलग आठ-दहा फोटोंची फैर झाडा.

फ्लॅश वापरला तर माशांना त्रास होतो का? आणि काचेत पांढरा गोळा दिसतो त्याचे काय?
— सोलापूर

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंदच ठेवा. तो काचेवर उलटतो आणि पाण्यातला प्रत्येक कण उजळवून पांढरे ठिपके आणतो. सुटा फ्लॅश टँकच्या वर, पुढच्या काचेच्या कडेजवळ ठेवा आणि तोंड खाली, किंचित मागे वळवा. मग माशाची आपल्याकडची बाजू उजळते आणि काच मधे येत नाही. शटर १/२००, छिद्र एफ ११, आयएसओ २०० आणि फ्लॅश पाव ताकदीवर, इथून सुरुवात करून जुळवून घ्या. फ्लॅशला झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला, कारण खारे तुषार त्याची वाट लावतात. तो दोरीने पक्का बांधा, नुसता काचेच्या कडेवर टेकवू नका. मासे पहिल्या एक-दोन लखलखाटांना दचकतात, मग बहुतेक दुर्लक्ष करतात. नवीन आणलेल्या किंवा लपून बसणाऱ्या माशावर मात्र वापरू नका.

कोरलसाठी फ्लॅश आम्ही सुचवत नाही. फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडापुढे कोरलची स्वतःची चमक फिकी पडते आणि हिरवेगार झोआंथिड तपकिरी येतात.

पोलरायझर फिल्टरने काचेतले प्रतिबिंब जाते असे वाचले. घेतला, पण काही फरक नाही.
— कोल्हापूर

समोरासमोर उभे राहिल्यावर फरक पडणारही नाही. काचेवरून परतणारा प्रकाश पोलराइज होतो तो तिरक्या कोनात, लंबापासून साधारण ५६ अंशांवर सर्वांत जास्त. तितक्या तिरके झालात तर प्रतिबिंब जाईल, पण जाड काच आणि पाणी यांतून रंगांच्या किनारी फुटतील आणि फोटो मऊ येईल. टँकचा फोटो काचेला काटकोनातच घ्यायचा, वर-खाली किंवा डावीकडे-उजवीकडे कललात तर तेवढी धार कमी झालीच. खालचा कोरल हवा असेल तर कॅमेरा खाली वाकवू नका, स्वतः गुडघ्यावर बसा.

प्रतिबिंबासाठी खोलीतले दिवे आणि टीव्ही बंद करा, पडदे ओढा, गडद कपडे घाला. काळ्या कापडाला लेन्सएवढे भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे धरले की उरलेसुरलेही जाते. मोबाइलची लेन्स तर सरळ काचेला टेकवता येते.

काच आदल्या दिवशी पुसा. आतून मॅग्नेट फिरवताना तो वाळूपासून दोन बोटे वर ठेवा. पॅडमध्ये अडकलेला एक दाणा कायमचा ओरखडा पाडतो आणि तो पुढच्या प्रत्येक फोटोत दिसतो. बाहेरून मिठाचे डाग व्हिनेगर लावलेल्या फडक्याने निघतात. अमोनिया असलेला फवारा टँकजवळ मारू नका.

अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या कोरलचे वरून काढलेले फोटो फार सुंदर दिसतात. आमच्याकडे पृष्ठभागाच्या लाटांमुळे सगळे हिंदकळलेले येते. पंप बंद करणे कितपत सुरक्षित आहे?
— एक वाचक, न्यू जर्सी

लाइट वरून पडतो, म्हणून कोरलचा सर्वांत दाट रंग वरच्या बाजूला असतो. वरून काढलेला फोटो सुंदर दिसतो तो त्यामुळेच.

क्रम असा ठेवा. आधी स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) बंद, मग वेव्हमेकर (लाटा करणारा पंप), शेवटी रिटर्न पंप (खालच्या टाकीतून, म्हणजे संपमधून, पाणी वर आणणारा). रिटर्न थांबला की वरचे पाणी संपमध्ये उतरते, तेवढी जागा संपमध्ये आहे का ते आधीच बघून ठेवा. स्किमर चालू राहिला तर चढलेल्या पातळीमुळे त्याच्या कपातली घाण उतू जाऊन परत पाण्यात मिसळते. कण खाली बसायला पाच मिनिटे द्या आणि पुढच्या दहा मिनिटांत फोटो उरका. प्रवाह थांबला की प्राणवायू कमी होऊ लागतो, आणि पाणी गरम असेल किंवा टँकमध्ये मासे दाटीने असतील तर लवकर. मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावा, कारण फोटोच्या नादात पंप सुरू करायचा राहून जातो. परत सुरू करताना क्रम उलटा, आणि स्किमर संपची पातळी नेहमीच्या खुणेवर आल्यावरच.

पंप बंद करूनही पृष्ठभाग थोडा हलतोच. त्यासाठी तळ सपाट आणि पारदर्शक असलेला अ‍ॅक्रिलिकचा डबा पाण्यावर ठेवतात आणि त्यातून फोटो घेतात. अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड बनवणारा कोणीही असा डबा करून देतो. १५ बाय १५ सेंमी तळ, १० सेंमी उंची, ४ मिमी शीट, वर उघडा. डबा तिरका पाण्यात उतरवा, म्हणजे तळाखाली बुडबुडे अडकत नाहीत. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातच असू द्या.

खाणे देण्याच्या आधी फोटो काढा. आठवडाभर आधी फिल्टरमध्ये ताजा कार्बन (पाणी स्वच्छ करणारा कोळसा) घातला तर पाण्यातली पिवळट झाक जाते, आणि वरून फोटो घेताना हा फरक चांगलाच जाणवतो.

ऑनलाइन फोटो पाहून झोआंथिडचा फ्रॅग (चकतीवर लावलेला कोरलचा छोटा तुकडा) घेतला. फोटोत केशरी-हिरवा होता, घरी तपकिरी निघाला. फसवणूक ओळखायची कशी?
— एक वाचक, पुणे

फोटोत कोरल नंतर पाहा, आधी फ्रॅगखालची चकती आणि आजूबाजूची वाळू पाहा. पांढरी चकती गडद निळी दिसत असेल तर फोटो निव्वळ निळ्या लाइटखाली घेतला आहे. चकती कडक पिवळी किंवा हिरवट असेल तर फिल्टर किंवा रंगांची ओढाताण आहे. ती पांढरी आणि कोरल तरीही रंगीत, असा फोटो विश्वासाचा. विकणाऱ्याकडे पांढऱ्या लाइटखालचा एक फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. प्रामाणिक माणूस नाही म्हणत नाही. तुम्ही स्वतः फ्रॅग देत असाल तर सॅच्युरेशनच्या पट्टीला हात लावू नका आणि फोटोखाली कोणता लाइट होता ते लिहा. प्रवासात आणि नव्या टँकमध्ये कोरल काही आठवडे फिकटही पडतो, तेव्हा तुमचा फ्रॅग लगेच खोटा ठरवू नका.

हे वाचणाऱ्या सर्वांसाठी एक गोष्ट. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे, आणि परदेशातून दगडी प्रवाळ आणायला साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रे लागतात. कोणी ‘लोकल पीस’ म्हणून फोटो पाठवला तर घेऊ नका.

फोटोसाठी झोआंथिड जागेवरून हलवायचे असतील तर हातमोजे आणि चष्मा घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. खडक पाण्याबाहेर काढून खरवडणे, ब्रशने घासणे किंवा त्यावर गरम पाणी ओतणे अजिबात नको.

कोरल वाढतो आहे की नाही ते फोटोंवरून कळेल का?
— बेळगाव

कळते, पण प्रत्येक फोटो सारख्याच पद्धतीने काढला तरच. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागा जमिनीवर टेपने आखा, लेन्सची उंची स्टँडवर पेन्सिलने लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, लाइट सुरू झाल्यावर तीन तासांनी, त्याच सेटिंगवर फोटो घ्या. सकाळी मिटलेला आणि दुपारी फुललेला कोरल यांची तुलना करून वाढ कळत नाही. मापासाठी शेजारी कोरी फ्रॅग चकती असू द्या. तिचा व्यास आधी मोजून ठेवा, आणि शैवाल चढले की ती बदला. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, केल्विनचा आकडा दर वेळी तोच भरा. मऊ कोरलच्या बाबतीत फुलण्याच्या आकारापेक्षा पॉलिप (कोरलमधले एकेक तोंडाचे छोटे जीव) किती झाले ते मोजा, तो हिशोब जास्त भरवशाचा असतो.