चाई पडलेल्या लेकीसाठी घरच्यांनी काय करावं

ताई, तुम्ही लिहिलंय की नववीतल्या लेकीच्या डोक्यावर रुपयाएवढ्या दोन चाया पडल्यात, तिने शाळा सोडल्यासारखीच केलीय आणि सासूबाई बिब्बा लावायचा म्हणतात. आधी बिब्ब्याचंच सांगतो. लावू देऊ नका. बिब्बा उतला की कातडी भाजते, आणि खोल व्रण राहिला तर तिथे पुन्हा केस उगवत नाहीत. चाईत मुळं जिवंत असतात, ती आपल्या हाताने का मारायची?

चाई किड्याने पडत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून केस गळतात. शिवल्याने, एका कंगव्याने ती पसरत नाही. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत एकाएकी टक्कल पडू लागलं, तेव्हापासून आपल्याकडे लोक घाबरतात. पण तिथे एकाच वेळी अनेक गावांतल्या बऱ्याच जणांचे केस गळले होते, आणि विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात जास्त असलेल्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं होतं. तुमच्याकडे एकट्या मुलीला गोल, गुळगुळीत डाग आहेत. हे प्रकरण वेगळं दिसतं.

तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. खपल्या, खाज, तुटके केस असले तर तो नायटा असू शकतो. तो पसरतो आणि त्याला पोटातून गोळ्या लागतात. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब चोळत बसू नका. सेवाग्राम, अकोला, यवतमाळ, नागपूर, जे जवळ पडेल तिथल्या मेडिकल कॉलेजची ओपीडी गाठा. डाग थोडे असले तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात परत येतात, कधी आधी पांढरे येतात. पुन्हा पडूही शकतात. हे तिलाही खरं खरं सांगा. "महिन्याभरात येतील" असं वचन देऊ नका.

आता घरचं. माझ्या मुलाला सातवीत चाई पडली, पुढे भुवयाही गेल्या, त्यावरून सांगतो. रोज सकाळी भांग पाडून डाग मोजणं बंद करा. उशीवरचे केस तिच्यासमोर गोळा करू नका. तेल लावून घ्यायला तिला आवडत असेल तर लावा, पण बोलणं अभ्यासाचं, मैत्रिणींचं असू द्या. आल्यागेल्याला तिच्याआधी तुम्ही सांगू नका. कुणाला सांगायचं ते तिने ठरवायचं. आणि "पोरीचं लगन कसं व्हईन" हे वाक्य तिच्या बापानेच आपल्या आईला थांबवायला सांगावं. सुनेने सांगून ते थांबत नाही.

एक उत्तर तिच्याकडे तयार असू द्या. आमच्या पोराने स्वतःच बनवलं होतं: "चाई हाये, तुले नाई लागत." एका लग्नात पंगतीत नात्यातल्याच एकाने त्याची टोपी ओढली. सगळे बघायला लागले. त्याने हेच वाक्य म्हटलं आणि वरणात पोळी चुरत राहिला. मी टोपी उचलून त्याच्या हातात दिली, डोक्यावर घातली नाही. त्याने ती मांडीवर ठेवली आणि जेवण झाल्यावर घातली.

शाळेचं जरा नेटाने बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, तेव्हा तिचं निभतं. खरी अडचण वर्गात, सगळ्यांची डोकी उघडी असतात तेव्हा. लेकीला विचारून वर्गशिक्षिकेला भेटा आणि वर्गात स्कार्फची परवानगी मागा. कुणी "टकली" म्हणालं तर बाई काय करणार हेही त्यांच्याकडून वदवून घ्या. पहिल्या दिवशी जवळची एखादी मैत्रीण घरी येऊन तिला सोबत नेऊ शकली तर फार बरं.

जेवण तुटलं, झोप उडाली, "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली, तर थांबू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. केस येईपर्यंत वाट बघण्यासारखी ही गोष्ट नाही.

ओपीडीत जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, तेलं पिशवीत घालून न्या. आणि डॉक्टरांनी काही विचारलं की उत्तर तिला देऊ द्या, तुम्ही बाजूला बसा.