वाळू पांढरीशुभ्र दिसतेय म्हणूनच विचारते, तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला कॉंक उपाशी तर नाही ना?

तुमची पोस्ट सकाळपासून तीनदा वाचली. चार महिन्यांपूर्वी आणलेला फायटिंग कॉंक (शंखवाली समुद्री गोगलगाय) आधी दिवसाढवळ्या काचेवर चढायला लागला, आता तीन दिवस एकाच जागी पडून आहे. पाणी तपासलं तर अमोनिया शून्य, नायट्रेट ५, मासे मजेत. बाकीच्यांनी तुम्हाला पुन्हा पाणी तपासायला सांगितलंय. माझं लक्ष मात्र फोटोतल्या वाळूकडे गेलं. इतकी स्वच्छ वाळू माझ्याही टाकीत होती आणि त्या वाळूत माझे तीन कॉंक मेले.

आम्ही फ्लोरिडात, टँपाजवळ राहतो. टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर, तळ ३६ बाय १८ इंच. दर रविवारी नाश्त्याआधी मी सायफन (पाण्यासकट घाण ओढणारी नळी) लावून सगळी वाळू उपसून धुवायचे. तपकिरी थर दिसला की मला चैन पडायची नाही. दुकानदाराने (नाव लिहीत नाही) विकताना सांगितलं होतं की हा माशांची घाण खाऊन जगतो, वेगळं काही घालू नका. मी ते खरं मानलं.

पहिला कॉंक मंदावला तेव्हा पाण्याची बाटली घेऊन त्याच दुकानात गेले. त्यांनी पाणी तपासलं, उत्तम आहे म्हणाले. तो काय खातो, हे कोणीही विचारलं नाही. एकटा पडला असेल म्हणून आणखी दोन दिले. जिथे एकाला पुरत नव्हतं तिथे तीन तोंडं झाली. पाच आठवड्यांत तिन्ही गेले. आज दहा वर्षं झाली तरी मला त्या दुकानाचा राग येतो, कारण एका प्रश्नाने माझे तिघे वाचले असते. फसगत होते ती अशी की गोगलगाय उपासमारीने लगेच मरत नाही, अंगातलं साठवलेलं झिजवत कित्येक आठवडे, कधी महिनेही काढते. त्यामुळे मरण आणि सायफन यांचा संबंध डोक्यात येतच नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सॅनिबेल बेटावर ओहोटीच्या वेळी गेलो होतो. गुडघाभर पाण्यात कितीतरी फायटिंग कॉंक चरत होते. वाळूवर तपकिरी-हिरवट साय धरली होती आणि प्रत्येकाच्या मागे त्या सायीत एक मोकळी वाट उमटत होती. मी दर रविवारी बादलीत ओतत होते ते नेमकं हेच. (तिथे जिवंत शिंपले-गोगलगायी उचलायला बंदी आहे. कोणी घरी न्यायचा विचार करत असेल तर करू नका.)

आता माझं मत, थोडं ठाम आहे. मी जीवशास्त्रज्ञ नाही, माझा अनुभव एका टाकीचा आहे. वाळूचा सायफन आजपासून बंद करा. फारच वाटलं तर महिन्यातून एकदा पुढची एक पट्टी काढा, बाकीची वाळू तशीच राहू द्या. बारीक वाळू दोन-तीन इंच तरी हवी, कॉंकला स्वतःला पुरून घ्यायला आवडतं. तुमच्या टाकीचा तळ माझ्याएवढाच असेल तर एकच कॉंक ठेवा. वाळू चाळणारा गोबी मासा किंवा तारामासा असेल तर तो त्याचंच ताट ओढतोय असं समजा.

माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध या टाकीत कधी घातलं असेल तर मात्र माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. ते मासे सोसतात, गोगलगायी सोसत नाहीत, आणि दगड-वाळूत मुरलेलं तांबं नंतरही सुटत राहतं. जुनी टाकी वाळूसकट विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाला हे नक्की विचारा.

नावांवरूनही जरा सांभाळा. ‘क्राउन कॉंक’ हा या कुळातलाच नाही, तो मांसाहारी आहे, इतर गोगलगायी खातो. आपला देवघरातला शंखही असाच वेगळ्या कुळातला, किडे आणि शिंपले खाणारा. आणि क्वीन कॉंकचं पिल्लू कोणी गोड दिसतं म्हणून देत असेल तर घेऊ नका, ते फूटभर वाढतं.

आधी तो जिवंत आहे का ते बघा. हळूच उचलून वास घ्या. मेलेल्याचा वास लपत नाही, तसं असेल तर लगेच बाहेर काढा, नाहीतर अमोनिया चढेल. जिवंत असेल तर पाण्याखालीच वाळूवर उताणा ठेवा. धडधाकट कॉंक पायावरच्या नखासारख्या झाकणीने झटका देऊन पालथा होतो. माझ्या तिघांना शेवटी ते जमत नव्हतं. तुमच्याला जमलं नाही तर दहा मिनिटांनी तुम्हीच सरळ करा, तसाच सोडू नका.

मग आज दिवे गेल्यावर बिनमिठाच्या, बिनतेलाच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) दोन बोटं रुंद तुकडा भिजवून छोट्या दगडाखाली दाबा, अगदी त्याच्या तोंडासमोर. हर्मिट खेकडे असतील तर राखण करावी लागेल. सकाळी उरलेली काढून टाका. नोरी ठेवल्यावर तासाभराने लाल टॉर्चने बघा: हत्तीसारखी सोंड बाहेर काढून तो नोरी चाचपडत असेल तर अजून वेळ आहे. मग रोज रात्री द्या, आणि सोंड दिसली की नाही ते इथे लिहा, मी उद्या सकाळी बघेन.