दख्खनमध्ये चिश्ती पंथाचा सूफी विचार नेमका कोणामुळे रुजला?

मुख्यतः बुरहानुद्दीन गरीब यांच्यामुळे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. मुहम्मद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दौलताबादेला हलवली, तेव्हा इकडे आलेल्यांत तेही होते. 1337 साली वारले. दर्गा खुलताबादला आहे. त्यांची शिकवण टिकली ती मुरीदांनी (शिष्यांनी) बैठकीतलं बोलणं फारसीत टिपून ठेवल्यामुळे. त्याला मल्फूजात म्हणतात आणि माझ्या मते दंतकथांपेक्षा तीच जास्त भरवशाची. समाच्या (सूफी भक्तिसंगीताच्या) मैफलीत त्यांच्या मुरीदांची डोलण्याची ढबही वेगळी ओळखू यायची. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांनी बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाने वसवलं. मात्र ते पहिले नव्हेत: त्यांचे भाऊ मुंतजबुद्दीन (जर जरी जर बक्ष) त्यांच्याआधीच खुलताबादला आले, असं परंपरा सांगते.