डायलिसिस सुरू झाल्यापासून वडील बोलत नाहीत, चिडतात, ‘पुढच्या वेळी जाणार नाही’ म्हणतात. त्यांना धीर कसा द्यावा?

ताई, मी सहा वर्षं डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी, चार तास. सुरुवातीचे काही महिने मीही घरात कोणाशी धड बोलत नव्हतो, म्हणून लिहितोय.

मशीनवरून उठलेला माणूस पिळून काढल्यासारखा होतो. दोन-तीन दिवसांत अंगात साठलेलं पाणी चार तासांत काढतात. बीपी उतरतं, पायात गोळे येतात, डोकं धरतं. त्या दिवशी बाबा बोलले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. ‘कसं वाटतंय?’ हेही विचारू नका, झोपू द्या. बोलायचं ते मधल्या दिवशी.

पाण्यावरून घरात वाद होत असतील. आमच्याकडे रोज व्हायचे. शहाळं बंद, केळं बंद, भाजी उकळून पाणी टाकून द्यायचं, आणि त्यात घरातले सगळे माझा पेला मोजणार. प्रेमानेच मोजायचे, पण मी मोरीत जाऊन नळाचं पाणी चोरून प्यायचो. शेवटी एक स्टीलची बाटली आणली. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळी मीच त्यात भरतो, हिशोब माझा. रविवारी हात सैल सुटला की सोमवारी वजनकाटा सांगतोच. घरच्यांनी मोजणं सोडलं तसं माझं चोरून पिणंही सुटलं.

आता जे बाबा बहुतेक सांगणार नाहीत ते सांगतो. माझ्या शेजारच्या बेडवर एक काका असायचे. द्राक्षबागायतदार. छाटणी कधी घ्यायची, औषध कधी मारायचं, दीड वर्ष मी ऐकत होतो. एका सोमवारी त्यांच्या बेडवर नवा माणूस. सिस्टर काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. घरी येऊन भाजी अळणी झाली म्हणून बायकोवर ओरडलो. खरं कारण तिला चार दिवसांनी सांगितलं, आणि तेव्हा रडलो. म्हणून बाबा विनाकारण चिडले असं वाटलं तर ‘आज तिथं सगळे आले होते का?’ एवढंच विचारून बघा.

‘जाणार नाही’ हे मात्र नुसता हट्ट समजून सोडू नका. पाळी चुकली तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. या बोलण्यामागे नैराश्य असू शकतं आणि ते आमच्यात पटकन ओळखू येत नाही, कारण भूक नसणं, झोप न लागणं, सतत थकवा हे किडनीच्या आजाराने आणि कमी हिमोग्लोबिननेही होतं. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल तर किडनीच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तिथे डायलिसिसची फाइल दाखवा, कारण काही गोळ्यांचा डोस आमच्यासाठी बदलावा लागतो. मी वर्षभर गोळ्या घेतल्या, त्यांचा मला उपयोग झाला. ‘जगणं नको वाटतं का?’ हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पैशाची टोचणी त्यांना असणारच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तुमच्या रुग्णालयात ती चालते का बघा. बसत असेल तर खिशातून किती जातंय तो आकडा त्यांना सांगून टाका. लपवलं की माणूस मनातल्या मनात तिप्पट धरतो.

आणि आजारी पडायच्या आधी बाबा घरातलं काय बघायचे? त्यातलं एखादं काम याच आठवड्यात त्यांच्याकडे परत द्या. माझ्याकडून सगळं काढून घेतलं होतं, मी विश्रांती घ्यावी म्हणून. मी लाइटबिल आणि मुलाची शाळेची फी परत माझ्याकडे घेतली. मशीनवर पडल्या पडल्या उजव्या हाताने मोबाइलवरून भरतो. डाव्या हाताला सुया असतात.