सगळ्यात लहान चिठ्ठीच्या मापाचं अंदमान

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही सहा मैत्रिणी १९९९ साली एकाच शाळेतून दहावी झालो. चौघींची शेती आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, एक अंगणवाडी सेविका. सहाही जणींनी अजून समुद्र पाहिला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विषय निघाला आणि एकदा तरी बेटावर जाऊन यायचं, असं ठरलं. कोणी मालदीव म्हणते, कोणी थायलंड, कोणी अंदमान. चौघी जणी २५,००० पर्यंत काढू शकतो, दोघींना २०,००० च्या वर जमत नाही. एका एजंटाने माणशी ३८,००० सांगितले. पैसे कसे जमवावे, कधी जावं, किती दिवस जावं? घरचे म्हणतात, “इतक्या दूर कायले जाता?” त्याचं काय करावं?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : अंदमानलाच जा. मालदीव-थायलंड म्हटलं की सहा पासपोर्ट काढण्यापासून सुरुवात. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि राहायच्या जागाही मोजक्या. अंदमानात पोर्ट ब्लेअर शहर आणि हॅवलॉक, नील ही बेटं, इथे आपल्याला आधार कार्डावर जाता येतं. नावं तेवढी ध्यानात ठेवा. पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ मध्येच झालं. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, म्हणून मीही तीच लिहिते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती “दोघींना जमत नाही” ही ओळ. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही सहा जणी गेलो, पण ठरलं होतं सात जणींचं. बैठकीत मी मोठ्या तोरात म्हणाले, “पंचवीसेक हजार लागतील, चालते ना सगळ्यांले?” सगळ्यांनी माना हलवल्या. पंधरा दिवसांनी सातवीचा निरोप आला, गुडघा दुखतो, येणं होत नाही. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. आम्ही गेलो त्याच महिन्यात ती हरभरा सोंगायला रोज वाकत होती. तिच्याजवळ तेवढे पैसे नव्हते, आणि चारचौघीत ते सांगायचं कसं? परत आल्यावर तिला शिंपल्यांची माळ द्यायला गेले. तिने माळ हातात घेतली आणि विचारलं, “पाणी खरंच निळं असते का वं?” मला उत्तर देता आलं नाही. अजून मनाला लागतं ते.

म्हणून आधी हे करा. सहा जणींनी सहा चिठ्ठ्यांवर आपापला आकडा लिहायचा, नाव लिहायचं नाही, सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात. डबा उघडल्यावर जो आकडा सगळ्यात लहान, तेवढ्यात सहल बसवायची. “आम्ही चौघी मिळून त्या दोघींचे वरचे भरू” असं मनात येईल, पण ते करू नका. घेणारीला तिथे नारळपाणी मागतानाही संकोच वाटतो.

पैसे भिशीत टाकू नका. भिशी ज्या महिन्यात लागते त्याच महिन्यात घरी पंप बिघडतो किंवा पोराची फी निघते. सहलीचं वेगळं खातं हवं. पगार-मानधनवाल्या दोघींनी बँकेत आवर्ती ठेव उघडावी. शेतीवाल्या चौघींच्या हाती दर महिन्याला पैसा येत नाही. त्यांनी सोयाबीन विकलं की थोडे, कापूस विकला की उरलेले, असे दोन हप्त्यांत भरावेत. हे आधीच बोलून ठेवा. नाहीतर जूनमध्ये, बी-बियाण्याच्या दिवसांत, कोणीतरी “या महिन्याचे राहिले तुझे” म्हणेल आणि मैत्रीत कडवटपणा येईल. घाई करू नका, पुढच्या मार्चचं धरून चला.

मार्चच का? दिवाळीच्या सुटीत आपल्याकडे कापूस वेचणी सुरू असते आणि तिकडे बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस असतात. जानेवारीत तूर, फेब्रुवारीत हरभरा. मेच्या उत्तरार्धात अंदमानात मान्सून येऊन पोचतो. उरतो मार्च आणि एप्रिल. हरभरा घरात आला की निघा, समुद्रही तेव्हा शांत असतो. शिक्षिका मैत्रिणीला रजा टाकावी लागेल, तिने आतापासून तसं सांगून ठेवावं. मेचा पहिला आठवडा तिला सोयीचा, पण मी तुमच्या जागी असते तर मार्चच धरला असता.

आता आमच्या वहीतला हिशोब सांगते, माणशी. यवतमाळहून एस.टी.ने वर्धा (बायकांना अर्धं तिकीट आहेच), मग सेवाग्रामहून चेन्नईची गाडी. ती सोळा-सतरा तास घेते. स्लीपरचे जाऊन-येऊन १,२०० गेले. चेन्नईत एक रात्र, ७००. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर विमान, येऊन-जाऊन १०,६००. तिथे सहा रात्री राहिलो, १,८०० च्या दोन खोल्या, एकेका खोलीत तिघी, तिसरीला गादी खाली. म्हणजे रात्रीचे ६००, एकूण ३,६००. बोटी २,१००, जेवण ३,२००, ऑटो-टॅक्सी १,७००, प्रवेश तिकिटं आणि काचेच्या तळाची बोट धरून १,२००. सगळे मिळून २४,३००. घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत दहा दिवस लागले.

तुम्हाला हे २०,००० च्या जवळ आणायचं आहे. एकूण खर्चात जवळपास अर्धा वाटा विमानाचा आहे आणि तो कमी करणं आपल्या हातात फार नाही, फक्त तिकीट लवकर काढायचं. तुटतं ते रात्रींमध्ये. नील सोडून द्या. सहाऐवजी चार रात्री ठेवा, दोन हॅवलॉकला, दोन पोर्ट ब्लेअरला. राहण्याचे १,२०० वाचले, जेवणाचे ९००. नील गेलं आणि दोन्ही वेळा सरकारी बोट घेतली की बोटीचे हजार कमी होतात. खासगी बोट दीड तासात पोचवते, सरकारी अडीच तास घेते, पण तिकीट पुष्कळ स्वस्त. आपल्याला तासाभराची घाई कसली? मात्र त्या जागा लवकर भरतात. हॅवलॉकच्या धक्क्यावरून राधानगरच्या किनाऱ्याला सरकारी बस जाते, ती धरली की टॅक्सीचे ६०० वाचतात. काचेची बोट वगळली की आणखी ५००. आमच्या वेळच्या दराने २०,१०० होतात. आज विमानाचं तिकीट किती आहे ते पाहून आकडा नव्याने मांडा आणि माणशी २,००० अडीअडचणीला वेगळे ठेवा. ते परत आणायचेच आहेत, असं समजून न्या.

जहाजाचं कोणी सुचवेल. चेन्नईहून जहाज जातं, पण एका बाजूला तीनेक दिवस लागतात आणि ते नेमकं कधी सुटणार ते फार आधी कळत नाही. अंगणवाडीतून तेवढी सुटी मिळायची नाही.

आधी विमानाचं तिकीट काढा, मग रेल्वेचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. चेन्नईची रात्र मात्र कापू नका, गाडी चार तास उशिरा आली तर विमान थांबत नाही. एजंटाच्या ३८,००० मध्ये काय नाही ते विचारा. आम्हालाही एकाने असाच भाव सांगितला होता, आणि खोदून विचारल्यावर कळलं की रात्रीचं जेवण आणि अर्धी तिकिटं त्यात नव्हतीच.

आमची एक चूक तुम्ही करू नका. शेवटची रात्र आम्ही हॅवलॉकला ठेवली होती. सकाळी बोटीने पोर्ट ब्लेअर आणि दुपारी विमान, असा बेत. सकाळी धक्क्यावर गेलो तर बोटीच्या इंजिनात बिघाड. तीन तास आम्ही बॅगांवर बसून होतो. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. दुसऱ्या बोटीत जागा मिळाली म्हणून विमान सापडलं, तेही धावतपळत. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

तिथे दिवस लवकर उगवतो आणि लवकर संपतो. मार्चमध्ये साडेपाचलाच सूर्य बुडतो, आपल्यापेक्षा तासभर आधी. दुपारी झोप काढून पाचला किनाऱ्यावर निघालात तर हाती काही लागत नाही. राधानगरला तीनलाच पोचा. वाळू पिठीसारखी बारीक आहे. लाट परत जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते. आमची एक मैत्रीण निऱ्या खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती, ती ओरडली, “माय वं, जमीन सरकून राह्यली!” आणि मग अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाही.

सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्या. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, हे आपण शाळेत शिकलो. पण तिथे तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या कैद्याची प्रतिकृती आहे. रोज तीस पौंड खोबरेल काढायचं, नाही निघालं तर शिक्षा. आमच्यातल्या एकीच्या माहेरी लाकडी घाणा होता. ती त्या दांड्याजवळ कितीतरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “हे बैलाचं काम आहे. बैलालेही आपण दुपारी सोडतो.” वाचून मला जे कळलं नव्हतं ते तिच्या त्या बोलण्याने कळलं.

घरच्यांचं म्हणाल तर तारखा, गाड्यांची नावं आणि लॉजचा फोन एका कागदावर लिहून भिंतीला लावा. दूर जाण्यापेक्षा पत्ता नसण्याची काळजी त्यांना जास्त असते. वाटेसाठी दशम्या आणि जवसाची चटणी न्या. रोख पैसे जवळ असू द्या, हॅवलॉकला मोबाइलची रेंज गेली की फोनवरून पैसे देणं अडतं.

प्रश्न : मला एस.टी.तसुद्धा मळमळतं आणि पोहता येत नाही. मैत्रिणी अंदमानला चालल्या आहेत. मी जावं का?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : जा. डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी घ्या आणि बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी खा. उपाशीपोटी बसू नका, भरपेटही नको. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर जागा धरा, मोबाइलमध्ये पाहू नका, लांब क्षितिजाकडे नजर ठेवा. आमच्यातली एक अशीच होती. जाताना तिने आल्याचा तुकडा दाढेखाली धरला होता, येताना विसरली तरी काही झालं नाही.

पोहता न येणाऱ्यालाही किनाऱ्यावर पुष्कळ करता येतं. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका आणि फलक नीट वाचा. खाडीच्या बाजूला मगरी असतात, त्यामुळे काही किनाऱ्यांवर जाळी लावलेली असते. स्कूबा करायचं मनात असेल तर त्याला पोहणं यावं लागत नाही, सोबत माणूस असतो. दमा किंवा रक्तदाब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि स्कूबा कोणीही केलं तरी परतीच्या विमानाआधी मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. किनाऱ्यावरचं प्रवाळ किंवा शिंपले पिशवीत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात. माळ घ्यायची तर दुकानातून पावतीसह घ्या. आणि पट्ट्याच्या जुन्या प्लास्टिकच्या चपला न्या. मेलेल्या प्रवाळाच्या खडकावर अनवाणी चाललात तर तळवा चिरतो, आणि खाऱ्या पाण्यात ती जखम लवकर भरत नाही.